डोकं दुखतंय? डोळ्यांचा पडदाही तपासून घ्या

ती माझ्याकडे चष्म्याचा नंबर काढायला आली होती. वय 29, अंगणवाडीत सेविका, दोन मुलं. आठ महिन्यांपासून डोकं दुखत होतं. आधी पित्ताच्या गोळ्या झाल्या, मग सायनस म्हणून वाफा झाल्या, मग मायग्रेन म्हणून आणखी गोळ्या. शेवटी शेजारणीने सांगितलं, नंबर लागला असेल, एकदा डोळे दाखवून घे. मी तिला तक्त्यासमोर बसवलं. उजव्या डोळ्याने तिने शेवटची ओळ वाचली, डाव्यानेही वाचली. नंबर जवळपास शून्य. "डोळे उत्तम आहेत" असं सांगून मी तिला घरी पाठवू शकले असते. पण पर्स उचलता उचलता ती म्हणाली, "मॅडम, वाकून रांगोळी काढली ना, की उठताना दोन-चार सेकंद सगळं काळं होतं. लाइट गेल्यासारखं. मग येतं परत."

मी तिला पुन्हा बसवलं. बाहुली मोठी करायचं औषध घातलं आणि अर्ध्या तासाने पडदा पाहिला. पडद्यावर जिथून दृष्टीची नस मेंदूकडे निघते, तिथे फिकट नारिंगी रंगाची एक गोल चकती दिसते. निरोगी डोळ्यात तिची कड नाण्यासारखी रेखीव असते. हिच्या दोन्ही डोळ्यांत ती कड पुसली गेली होती. चकती फुगून वर आली होती आणि तिच्यावरून जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या सुजेत बुडून मध्येच दिसेनाशा होत होत्या. दुखणं डोळ्याचं नव्हतं. कवटीतला दाब वाढला होता आणि तो नसेवाटे डोळ्यापर्यंत पोचला होता.

एमआरआयमध्ये गाठ निघाली नाही, रक्ताची गुठळी निघाली नाही, मेंदूत पाणी साचलेलं नव्हतं. मणक्यातल्या पाण्याचा दाब मोजला, तो मात्र बराच वाढलेला होता. अशा आजाराला डॉक्टर 'इडिओपॅथिक इन्ट्राक्रेनियल हायपरटेन्शन' म्हणतात, बोलताना नुसतं आयआयएच. म्हणजे कवटीच्या आत वाढलेला असा दाब, ज्याचं थेट कारण तपासण्यांत सापडत नाही. हायपरटेन्शन हा शब्द वाचून घरचे ब्लडप्रेशर समजतात. एका रुग्णाच्या सासूबाईंनी तिला स्वतःची बीपीची गोळी द्यायला सुरुवात केली होती. हा रक्तदाब नाही. मात्र बीपी फार वाढलं तरी दोन्ही डोळ्यांतल्या नसा अशाच सुजतात, म्हणून असा डोळा दिसला की मी आधी दंडाला पट्टा बांधते, मगच पुढचं बोलते.

आजार जुना आहे. जर्मनीतल्या हाइन्रिख क्विंके यांनी 1891 मध्ये मणक्यातून सुई घालून पाणी काढण्याची पद्धत रूढ केली आणि त्यानंतर काही वर्षांतच त्यांनी अशा रुग्णांचं वर्णन लिहिलं. 1904 मध्ये माक्स नोन यांनी याला 'स्यूडोट्यूमर सेरेब्री' म्हटलं, म्हणजे मेंदूतली खोटी गाठ, कारण लक्षणं सगळी गाठीची आणि गाठ मात्र कुठेच नाही. पुढे 1955 पासून 'बिनाइन', म्हणजे निरुपद्रवी, असं विशेषण त्याला लागलं आणि काही दशकं टिकलं. ते अखेर काढून टाकावं लागलं. जीवाला धोका नसला तरी ज्या आजारात धडधाकट तरुण बाईची दृष्टी जाऊ शकते, त्याला निरुपद्रवी कसं म्हणायचं? जुन्या फायलीत यांतलं कुठलंही नाव दिसलं तरी आजार हाच.

दाब वाढतो कसा, ते समजून घेतलं की पुढचे उपचार समजायला सोपे जातात. आपला मेंदू पाण्यासारख्या स्वच्छ द्रवात तरंगत असतो. मोठ्या माणसात हे पाणी एका वेळी साधारण 150 मिलिलिटर असतं, पण दिवसभरात सुमारे 500 मिलिलिटर नवं तयार होतं. म्हणजे जुनं सतत शोषलं जाऊन रक्तात जात असतं आणि दिवसातून तीनेक वेळा सगळं पाणी बदलतं. जितकं येतं तितकं गेलं, तर दाब स्थिर राहतो. जाण्याची वाट तुंबली की पाणी मावत नाही. तान्ह्या बाळाची टाळू उघडी असते, तिथे थोडी जागा मिळते. मोठ्यांच्या कवटीत ती सोय नाही. दृष्टीच्या नसेभोवती मात्र याच पाण्याचं आवरण थेट डोळ्यामागपर्यंत आलेलं असतं, म्हणून कवटीतला दाब पहिल्यांदा डोळ्यात वाचता येतो. वाट नेमकी का तुंबते याचं पूर्ण उत्तर अजून हाती नाही. वाढलेलं वजन आणि हार्मोन्स यांचा त्यात मोठा वाटा आहे, हे मात्र पक्कं आहे.

हा आजार तसा दुर्मीळ. अमेरिकेतल्या आयोवा आणि लुइझियाना राज्यांतल्या 1988 सालच्या पाहणीत वर्षाला लाखात सुमारे एक माणूस असं प्रमाण निघालं. पण 20 ते 44 वयाच्या, वजन बरंच जास्त असलेल्या बायकांमध्ये तेच लाखात 15 ते 20 होतं. मोठ्यांतल्या दर दहा रुग्णांत साधारण नऊ बायका असतात. अलीकडच्या वर्षभरात वाढलेले थोडे किलोही जमेस धरावे लागतात. भारतीयांसाठी लठ्ठपणाची रेघ मुळातच खाली आहे, बीएमआय 25 झाला की आपल्याकडे लठ्ठ धरतात. "ती काही इतकी जाड नाही" एवढ्यावर ही शंका सोडून देऊ नये. रुग्ण पुरुष असेल किंवा अगदी सडपातळ असेल, तर दुसरं कारण जास्त कसून शोधावं लागतं.

आता लक्षणांकडे येते. डोकेदुखी बहुतेकांना असते, पण तिचा एकच एक नमुना नाही. सकाळी उठताना जड, खोकलताना किंवा आडवं झाल्यावर वाढणारी अशी ती पुस्तकात असते. प्रत्यक्षात पुष्कळदा हुबेहूब मायग्रेनसारखी दिसते आणि म्हणूनच चुकते. बाकीच्या खुणा जास्त बोलक्या आहेत. वाकल्यावर किंवा उठून उभं राहताना काही सेकंद नजर जाणं, एका डोळ्याची किंवा दोन्हींची. रात्री उशीवर डोकं टेकलं की कानात सूं-सूं, धप-धप आवाज येणं. तेव्हा मनगटाची नाडी धरून बघा, आवाज नाडीच्या ठेक्यात असेल तर डॉक्टरांना तसं आवर्जून सांगा. लांबची वस्तू शेजारी-शेजारी दोन दिसणं. मान आणि पाठ दुखणं. कोणाला यातलं एकच असतं, आणि काही जणींना डोकेदुखीसुद्धा नसते.

हा लेख लिहायला बसण्याचं कारण पुढे आहे. डोकेदुखी आरडाओरडा करते, नजर मात्र गुपचूप जाते. या आजारात नजर आधी कडेने जाते. मधली दृष्टी, जिच्यावर आपण वाचतो, सुईत दोरा ओवतो, मोबाइल बघतो, ती शेवटपर्यंत शाबूत राहू शकते. त्यामुळे तक्ता पूर्ण वाचणारी बाई स्वतःलाही निरोगी समजते. बाजूने येणारी दुचाकी दिसेनाशी होते, दाराच्या चौकटीला खांदा आपटतो, वाढताना ताटाशेजारचं भांडं लवंडतं, आणि घरचे म्हणतात, लक्ष कुठे असतं तुझं? नसेचे मेलेले धागे परत येत नाहीत. म्हणून डोकं किती दुखतं यावरून आजार मोजू नका. दुखणं कमी झालं आणि नजर घटत राहिली, असं होतं. उलटही होतं.

म्हणजे करायचं काय? नवी सुरू झालेली किंवा तऱ्हा बदललेली डोकेदुखी काही आठवडे टिकली, तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा आणि स्पष्ट शब्दांत सांगा, "औषध घालून पडदा आणि नस बघा." फक्त मशीनवर नंबर काढून परत येऊ नका. त्या दिवशी गाडी चालवायची नाही, चार-सहा तास जवळचं धूसर दिसतं, तेव्हा सोबत कोणाला तरी न्या. एक दिलासाही देते. डोकेदुखीच्या बहुसंख्य रुग्णांत नस अगदी ठीक निघते, मग निर्धास्तपणे मायग्रेनचे उपचार घ्यावेत.

जाताना पिशवीत घरातली सगळी औषधं भरून न्या. मुरुमांसाठी दिली जाणारी डॉक्सिसायक्लिन, मिनोसायक्लिन आणि आयसोट्रेटिनॉइन, जास्त मात्रेतलं अ जीवनसत्त्व, स्टेरॉइड एकदम बंद करणं, या सगळ्यांनी कवटीतला दाब वाढू शकतो. मैत्रिणीच्या चिठ्ठीवरून आणलेली मुरुमांची गोळी पुष्कळदा कोणी मोजतच नाही. अंगदुखीसाठी कुठून तरी आणलेल्या पुडीत स्टेरॉइड असू शकतं, तीही दाखवा. रक्तातलं हिमोग्लोबिन तपासायला हवं, कारण पंडुरोगातही असा दाब वाढतो आणि आपल्याकडे बायकांमध्ये पंडुरोग घरोघरी आहे. तो भरून निघाला की काहींची सूज बरीच उतरते. झोपेत मोठ्याने घोरणं आणि श्वास अडकणं असेल तर तेही सांगा.

आणि पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या. लग्न, पूजा, वारी, गणपती, आपल्या घरांत या गोळ्या औषधात धरत नाहीत. पण अशा गोळ्या किंवा गर्भनिरोधक गोळ्या घेतल्यानंतर, बाळंतपणानंतर, किंवा अंगातलं पाणी फार कमी झाल्यावर मेंदूच्या शिरांमध्ये रक्ताची गुठळी होऊ शकते. तिची लक्षणं थेट या आजारासारखी असतात, सुजलेली नसही तशीच दिसते. उपचार मात्र वेगळे, रक्त पातळ करण्याचे, आणि ते तातडीने लागतात. म्हणून साधा एमआरआय पुरत नाही, शिरांचं चित्रण, म्हणजे एमआर किंवा सीटी व्हेनोग्राफी, सोबत असायला हवं. ते चिठ्ठीवर लिहिलंय ना, हे विचारायला संकोच करू नका.

एमआरआयच्या रिपोर्टात कधी कधी 'एम्प्टी सेला' असे शब्द असतात. ते वाचून एक काकू माझ्यासमोर रडल्या, मेंदू रिकामा झाला असं त्यांना वाटलं होतं. पिट्यूटरी ग्रंथी दाबाने चपटी होऊन तिची खोबण रिकामी दिसते, एवढाच त्याचा अर्थ. दाब वाढल्याची ती एक खूण असू शकते, पण पुष्कळ निरोगी माणसांतही ती सहज सापडते. नस सुजलेली नसताना नुसत्या त्या दोन शब्दांवरून कोणी आजारी ठरत नाही. तसंच काहींच्या नसेची चकती जन्मतःच फुगीर असते आणि सुजल्यासारखी भासते. शंका असेल तर डोळ्यांची सोनोग्राफी आणि नसेची जाडी मोजणारी ओसीटी करून फरक कळतो. घाईने शिक्का बसू नये, यालाही मी तितकंच महत्त्व देते.

यानंतरची तपासणी म्हणजे पाठीतलं पाणी काढणं, आणि इथेच घराघरांत बैठका बसतात. "पाठीतलं पाणी काढलं की माणूस लुळा होतो" हे वाक्य मी अनेकदा ऐकलं आहे. त्यामुळे जरा तपशिलात सांगते. मोठ्या माणसात मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. सुई त्याच्या खाली, तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्याच्या मध्ये घालतात. तिथे रज्जू नसतोच, फक्त पाण्यात लोंबणारे नसांचे धागे असतात. आधी जागा बधिर करतात. तुम्हाला कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपवतात, सुई आत गेल्यावर हळूहळू पाय सरळ करायला सांगतात आणि सुईला उभी नळी जोडतात. पाणी नळीत किती सेंटिमीटर चढतं ते बघायचं, तोच दाब. मोठ्यांत 25 किंवा त्याहून जास्त आला तर वाढलेला धरतात, मुलांमध्ये ही मर्यादा 28 आहे. दाब मोजताना श्वास रोखू नका, पोट आवळू नका, त्याने आकडा खोटाच वाढतो. 20-30 मिलिलिटर पाणी काढलं तरी शरीर ते तासा-दीड तासात पुन्हा तयार करतं. त्यामुळे सारखं पाणी काढत राहणं हा काही इलाज नाही. नंतर दोन-चार दिवस उभं राहिल्यावर डोकं दुखू शकतं, आडवं झाल्यावर थांबतं. ते लांबलं तर कळवा, त्यावरही उपाय आहेत. गाठ नाही याची स्कॅनमध्ये खात्री झाल्याशिवाय मात्र ही सुई घालायची नसते.

औषधांत पहिला मान ॲसिटाझोलामाइडला, जी डायमॉक्स नावाने जास्त माहीत आहे. ती पाणी तयार होण्याचं प्रमाण कमी करते. अमेरिकेत 165 रुग्णांवर झालेल्या आणि 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत सगळ्यांनाच कमी मिठाचा, वजन उतरवणारा आहार दिला होता. निम्म्यांना त्यासोबत ही गोळी आणि बाकीच्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. सहा महिन्यांनी ॲसिटाझोलामाइड घेणाऱ्यांची दृष्टी जास्त सुधारलेली होती. गोळी सुरू झाली की बोटांना, ओठांना मुंग्या येतात, लघवी वाढते, सोडा किंवा कोल्ड्रिंक चमत्कारिक लागतं. मुंग्यांना घाबरून अनेक जणी चौथ्या दिवशी गोळी सोडतात आणि तीन महिन्यांनी नजर गमावून येतात. मुंग्या म्हणजे लकव्याची सुरुवात नव्हे. त्रास होत असेल तर फोन करा, मात्रा कमी-जास्त करता येते. मुतखडा झाला असेल, किडनीचा आजार असेल, सल्फाची ॲलर्जी असेल तर आधीच सांगा. काहींना टोपिरामेट देतात, त्याने डोकेदुखी आणि भूक दोन्ही कमी होतात, पण शब्द चटकन आठवत नाहीत, आणि गर्भातल्या बाळाला अपाय होऊ शकतो. शिवाय गर्भनिरोधक गोळीचा असर त्याने कमी होतो. हा आजार असताना गरोदर राहता येतं, बहुतेकींची बाळंतपणं नीट पार पडतात. फक्त दिवस राहण्याचा विचार असेल तर गोळ्या सुरू होण्याआधीच ते बोलून ठेवा.

साध्या वेदनाशामक गोळ्यांबद्दल एकच सांगते. महिन्यातले दहा-पंधरा दिवस त्या घेतल्या, तर त्या गोळ्यांमुळेच डोकं दुखायला लागतं. कॅलेंडरवर खूण करत जा.

आता वजन. याविषयी सावकाश लिहायला हवं, कारण या रुग्णांनी आयुष्यभर वजनावरून बोलणी खाल्लेली असतात. डॉक्टरांकडे आलं तरी तेच ऐकायला मिळतं आणि मग त्या यायच्याच बंद होतात. घरच्यांना माझी विनंती आहे, ताटाकडे बघून बोलू नका. वजन उतरवणं हा या आजारात दाबाच्या मुळाशी जाणारा उपाय आहे, ते गोळीइतकंच औषध आहे. बर्मिंगहॅमच्या डॉक्टरांनी 2010 मध्ये 25 बायकांचा अनुभव प्रसिद्ध केला. देखरेखीखाली तीन महिने अत्यंत कमी उष्मांकाचा द्रव आहार दिल्यावर वजन सरासरी 15 किलोंहून जास्त घटलं आणि पाण्याचा दाब सरासरी 8 सेंटिमीटरने उतरला. तसला कडक आहार घरच्या घरी करायचा नाही. पण दिशा स्पष्ट आहे. 80 किलो वजन असेल तर पहिले चार किलो उतरले तरी फरक जाणवू लागतो, आजार आटोक्यात यायला साधारण बारा किलो किंवा त्याहून जास्त लागू शकतात. फार वजन असलेल्यांना बेरिआट्रिक शस्त्रक्रियेचा विचार करता येतो. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 66 बायकांच्या ब्रिटिश चाचणीत शस्त्रक्रिया झालेल्यांचा दाब एका वर्षानंतर नुसत्या आहार-कार्यक्रमातल्या बायकांपेक्षा जास्त उतरलेला होता.

आपल्या स्वयंपाकघरात हे कसं बसवायचं? माझ्या त्या अंगणवाडीच्या रुग्णाने तीन गोष्टी केल्या. दिवसातल्या पाच चहांतले तीन सोडले आणि उरलेल्या दोन चहांतली साखर निम्मी केली. सोमवार-गुरुवारच्या उपासाला साबुदाण्याची खिचडी बंद करून ताक, भाजलेले दाणे मूठभर आणि एक फळ धरलं. मुलांच्या ताटात उरलेलं खाणं थांबवलं. पापड, लोणचं, फरसाण मिठासाठी कमी झालं ते वेगळंच. रोज संध्याकाळी नवऱ्यासोबत पाऊण तास चालणं. सात महिन्यांत नऊ किलो उतरले. एवढं सांगते, कारण तिला कोणी महागडी पावडर विकली नाही. वजन परत वाढलं तर आजार परत येतो, हे मात्र तिला पहिल्या दिवशीच सांगितलं होतं.

नजर वेगाने ढासळत असेल तर या सगळ्याला थांबायला वेळ नसतो. तेव्हा नळी बसवून पाण्याला पोटाकडे वाट करून देतात, नसेच्या आवरणाला बारीक खिडकी पाडतात, किंवा शीर अरुंद झालेली असेल तर काही ठिकाणी तिच्यात स्टेंट बसवतात. कोणासाठी काय, हे डोळ्यांचे डॉक्टर, न्यूरॉलॉजिस्ट आणि न्यूरोसर्जन यांनी मिळून ठरवायचं असतं. मेडिकल कॉलेजच्या मोठ्या रुग्णालयांत हे विभाग एका आवारात असतात, ही मोठी सोय आहे.

काही दिवसांत दिसणं झपाट्याने कमी झालं, काळोखी आली आणि गेलीच नाही, डोकेदुखीसोबत ताप आणि मान आखडणं, फिट, गुंगी, एका बाजूची ताकद जाणं, किंवा नुकत्याच बाळंत झालेल्या बाईची न थांबणारी डोकेदुखी, यांपैकी काहीही असेल तर ओपीडीच्या वाराची वाट न बघता त्याच दिवशी कॅज्युअल्टीत जा.

बाकीच्यांसाठी प्रत्येक भेटीत तीन गोष्टी झाल्याच पाहिजेत. पडदा बघणं, ओसीटी, आणि फील्ड टेस्ट, ज्यात वाडग्यासारख्या यंत्रात डोकं टेकून ठिपका दिसला की बटण दाबायचं असतं. ती कंटाळवाणी आहे, पहिल्या वेळी चुका होतात, सगळ्यांच्या होतात. पण कडेची नजर किती उरली आहे हे नेमकं मोजणारी तपासणी तीच आहे. तिच्या कागदांवर तारीख बघून ते एकाखाली एक लावा आणि फाइल दर वेळी सोबत आणा. डॉक्टर बदलले, गाव बदललं तरी सगळ्यात पहिला कागद जपून ठेवा. आजची नजर सुधारली की घटली, हे त्याच्याशी ताडूनच कळतं.